आळीत एकच गाय
भात आंबला की त्या वासानं मला म्हसवडची आमची खिलार गाय आठवते. सर्वपित्री अमावास्येला घराघरातून गाईला पान निघायचं. त्या वर्षी बाकीच्यांकडं नुसत्या म्हशी होत्या, त्यामुळे आळीतली सगळी पानं आमच्याच गोठ्यात आली. भात, खीर, वडे, पुऱ्या, तिनं सगळं चाटूनपुसून खाल्लं. दिवस मावळायच्या आत ती खाली बसली, रवंथ थांबलं, डावी कूस फुगली आणि तोंडाला आंबूस वास येऊ लागला. त्यात ती गाभण होती. गुरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "तिच्या पोटातले जिवाणू कडबा जिरवायला सरावलेत. एवढा भात आणि गोड एकदम मिळालं की ते त्याचं आम्ल करतात, त्यात गाय दगावते. खायचा सोडा पाण्यातून पाजा, मी निघालोच." मी बाटली भरली तर सासूबाई आडव्या आल्या. "पितरांचं अन्न कवा बाधत न्हाई." मी म्हटलं, "आवं आत्या, पाजलं न्हाई आणि गाय गेली, तर ते पाप कुणाचं?" त्यांनी गाईचा जबडा धरला आणि मी सोडा पाजला. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले तरी गाय रवंथ करेना. उजाडताना गाय उठली, ढेकर दिला आणि रवंथ करू लागली. तेवढ्यात शेजारीण कालच्या उरलेल्या पुऱ्या घेऊन दारात आली. सासूबाई म्हणाल्या, "पितर जेवलं गं बाई. आता गाईला कडबा आण." हल्ली सर्वपित्रीला मी प्रत्येक पानातला एकच घास गाईला घालते आणि बाकीचं पान परत पाठवते. कुणाला राग आला तर येऊ दे.