मार्थानं बाप सांभाळला

वडगाव शेरीच्या चर्चमध्ये फादरांनी प्रवचनात मार्था साळवेचं नाव घेतलं, तेव्हा ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. आईबापांचा मान राख ही आज्ञा जगून दाखवणारी मुलगी, असं फादर म्हणाले. बायका वळून कौतुकानं बघत होत्या. तिच्या मनातलं कळलं असतं तर त्यांनी क्रुसाची खूण केली असती.

मार्था कॉलेजात असताना तिची आई, प्रेमला, कॅन्सरनं अंथरुणाला खिळली. जखमेचा वास येतो म्हणून बापानं, संपतनं, तिची खाट गॅलरीत हलवली आणि पुढं हडपसरच्या एका बाईकडे राहायलाच गेला. आईच्या दफनालाही तो फिरकला नाही.

मार्था खराडीच्या आयटी कंपनीत लागली, टीम लीड झाली, फ्लॅट घेतला. मग संपतला अर्धांगवायू झाला, आणि त्याच बाईनं त्याला रिक्षात घालून लेकीच्या दारात आणून सोडलं. मार्थानं त्याला आत घेतलं.

तिनं केलेली सेवा बघून शेजारीपाजारी तोंडात बोटं घालत. पाठीला व्रण पडू नयेत म्हणून ती त्याची कूस बदलायची, दाढी करायची, घरून काम असलं की मीटिंग अर्धवट सोडून भात भरवायची. तिला त्याला मरू द्यायचं नव्हतं. कारण रोज घास भरवता भरवता ती त्याला आईचं मरण सांगायची. आवाज न चढवता. गॅलरीत ऊन तोंडावर आलं की आई पदर कशी ओढून घ्यायची, दार वाजलं की नवरा आला म्हणून कशी मान वळवायची. संपतची वाचा गेली होती. डोळ्यांतून पाणी आलं की मार्था ते रुमालानं टिपायची आणि पुढचं सांगायची.

त्या प्रवचनानंतर तिला राहवेना. कन्फेशनला जाऊन तिनं सगळं सांगून टाकलं.

"माफ केलंस का त्यांना?" फादरांनी विचारलं.

"नाही, फादर."

"मग एवढी सेवा कशी होते तुझ्याच्यानं?"

"सूड म्हणून होते."

पश्चात्ताप नसेल तर मला पापक्षमा देता येणार नाही, असं फादर हळू आवाजात म्हणाले. मार्था बरं म्हणून उठली आणि ऑफिसला गेली.

पुढं संपतची जीभ थोडी सैल झाली, पण स्मरण सुटत चाललं. एका दुपारी मार्थानं नेहमीचं सांगायला घेतलं. तो मन लावून ऐकत होता. शेवटी अडखळत म्हणाला, "बिचारी. नवरा कुठं होता तिचा?"

"टाकून गेला होता."

"नालायक," संपत म्हणाला आणि स्फुंदून रडला, परक्याच्या दुःखानं रडतात तसा.

मार्थाच्या हातातला घास हातातच राहिला. ज्याला शिक्षा द्यायची तो माणूसच तिच्या तावडीतून निसटला होता. आईचं मरण तिनं पुन्हा कधी काढलं नाही. कूस बदलणं, भरवणं मात्र चालू राहिलं.

नाताळाच्या तोंडावर संपत गेला. दफनभूमीत जागा अपुरी, म्हणून तिथली व्यवस्था बघणारे वैजनाथकाका म्हणाले, प्रेमलाबाईंचीच कबर उघडू, नवराबायको एकत्र विसावतील.

"नाही काका," मार्था म्हणाली. "आईच्या शेजारीसुद्धा नको."

मेलेल्याशी कसलं वैर, असं म्हणून काकांनी खूप समजावलं. ती बधली नाही. अखेर पार पलीकडच्या भिंतीलगत जागा काढावी लागली. मार्थानं मूठभर माती लोटली, फादरांबरोबर प्रार्थना नीट म्हटली आणि आईच्या कबरीपाशी जाऊन तिथलं गवत उपटत बसली.