चैत्राचा हात

डॉ. मृदुलाला मत्सर करायला खरं तर फुरसत नव्हती, पण ती काढायची. सकाळी सरस्वतीपुरममधल्या भाड्याच्या घरातून स्कूटर निघाली की इस्पितळाच्या फाटकापर्यंत डोक्यात एकच नाव घोळायचं, चैत्रा.

दोघी न्यूरॉलॉजिस्ट, दोघी एकाच फेलोशिपला. मेंदूच्या लहरी आणि नसांमधून धावणारी वीज यंत्रावर वाचायला शिकायची, असं ते शिक्षण. वर्ष संपत आलं होतं आणि विभागात कायमची जागा एकच निघणार होती. मृदुलाला ती जिवापाड हवी होती. नवऱ्याची, निनादची नोकरी म्हैसूरची, साताऱ्याहून येऊन संसार इथेच थाटलेला. ही जागा हुकली तर पुन्हा कुठल्यातरी ओपीडीत डोकेदुखीच्या गोळ्या लिहीत बसायचं, या विचारानेच तिला कसंतरी व्हायचं.

चैत्रा इथलीच, मंडी मोहल्ल्यातली. पणजोबा कापड रंगवायचे, वडील आता पडद्यांचं दुकान चालवतात. अभ्यासात ती आपल्या जवळपासही नाही, असं मृदुलाचं ठाम मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण पेशंट चैत्रावर जीव टाकायचे. ईईजीला येताना केस धुऊन या, तेल लावू नका, असं कितीही बजावलं तरी म्हाताऱ्या बाया खोबरेल चोपडूनच हजर व्हायच्या. मृदुलाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. चैत्रा कन्नडमध्ये काहीतरी थट्टा करायची, की बाई लाजून मुकाट्याने केस धुवायला जायची. मृदुलाने कष्टाने शिकलेलं ‘कण्णु मुच्ची’ ऐकून मात्र लोक डोळे मिटायच्या आधी हसून घ्यायचे.

“चैत्राच्या हाताखाली पेशंट निवांत झोपतो. म्हणून तिची रेकॉर्डिंग स्वच्छ येतात,” विभागप्रमुख सुधींद्र सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. मृदुलाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

बरं, चिडावं तर ही पोरगी तिला ‘अक्का’ म्हणायची. आईच्या हातचा बिसिबेळेभात डब्यातून आणायची आणि अर्धा मृदुलाच्या ताटलीत वाढायची. धड भांडताही येत नव्हतं. मृदुला तो भात चाटूनपुसून खायची आणि वर जळायची.

या शिक्षणात एक रीत आहे. पेशंटच्या हाताला विजेचा झटका देण्याआधी तो एकमेकींच्या हाताला देऊन बघायचा. नस इथे चेतवायची, तिथे लहर पकडायची आणि वीज किती वेगाने धावली ते मोजायचं. त्या शनिवारी हात चैत्राचा होता आणि यंत्रावर मृदुला.

“अय्यो अक्का, जरा हळू लाव हं,” चैत्रा खुर्चीत बसत म्हणाली. “सुम्ने, उगाच जोरात देऊ नको.”

पहिली लहर उशिरा आली. मृदुलाने पुन्हा झटका दिला. पुन्हा उशीर. दुसरी नस घेतली, दुसरा हात घेतला. सगळीकडे वेग कमी. मृदुलाच्या मनात जे उसळलं त्याला आनंद हेच नाव होतं, दुसरं कुठलंही नाही. नसांचा आजार! ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या नसांवर यंत्राने नजर ठेवायला नसांचा आजार असलेल्या मुलीला तासन् तास थिएटरात कोण उभं करणार?

चेहरा काळजीचा करून ती सरांना बोलावून घेऊन आली.

“सर, चैत्राची पूर्ण तपासणी करायला हवी असं वाटतं मला. वाईट वाटतंय सांगताना.”

चैत्राच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. “माझ्या अप्पांचे पाय बधिर पडतात,” ती पुटपुटली. “ते शुगरमुळे म्हणून आम्ही... घराण्यातच असेल काय गं, अक्का?”

सरांनी पडद्याकडे वाकून पाहिलं. “लहर उशिरा येते आहे, पण उंची बघ. चांगली ठसठशीत आहे. आजारी नसेची लहर अशी उंच येते का?” मग ते वळले. “हाताचं तापमान किती होतं?”

हात थंड असला की वीज रेंगाळते आणि लहर उंच होते, हे तर पहिल्या आठवड्यातलं. आधी तापमान मोजायचं, थंड असेल तर हात शेकायचा आणि मगच झटका द्यायचा. इतर कुणाच्याही बाबतीत ती हे विसरली नसती. उशिरा आलेली पहिली लहर पाहिली आणि तिला दुसरं काही बघावंसंच वाटलं नाही.

“सर, मी आत्ताच गार पाण्यात इलेक्ट्रोड धूत बसले होते,” चैत्रा घाईने म्हणाली. “मीच सांगायला हवं होतं. अक्काची चूक नाही.”

“तपासणाऱ्याने विचारायचं असतं,” सर म्हणाले. “हात शेका आणि पुन्हा घ्या. मी थांबतो.”

गरम पाण्याची पिशवी आणायला मृदुलाच गेली. चैत्राने दोन्ही हात पिशवीवर दाबून धरले. हात गरम झाले, मृदुलाने तापमान मोजलं, नस चेतवली आणि लहर वेळेवर आली. दुसरी आली, तिसरी आली. सगळ्या अगदी जशा यायला हव्यात तशा.

चैत्रा रडता रडता हसली आणि मृदुलाच्या गळ्यातच पडली. “देवा! अक्का, किती घाबरले होते मी!”

तिच्या खांद्यावरून मृदुला पडद्यावरच्या त्या निरोगी लहरींकडे बघत राहिली. आपल्याला हायसं वाटेल म्हणून तिने क्षणभर वाट पाहिली. तसं काही झालं नाही. आत काहीतरी खचलं होतं, हातातोंडाशी आलेला घास जावा तसं. एका निरोगी मुलीच्या निरोगी नसा पाहून तिची निराशा झाली होती.

तिने मान वर केली. सुधींद्र सर पडद्याकडे बघतच नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि ती जागा कोणाला मिळणार हे मृदुलाला तेव्हाच कळलं.