चिमटेवाली मनकर्णा

११ जानेवारी २०२४, गुरुवार. सकाळी धुकं. उसाच्या ट्रॅक्टरांमुळे दवाखान्यात पोचायला उशीर. माझा रक्तदाब ठीक. डॉ. धवल यांची अक्कल चारचौघांत उघडी पडली.

देवळाली प्रवरातल्या या दवाखान्यात ईसीजी काढायचं काम माझी शेजारीण मनकर्णा बावीस वर्षं करते. शिक्षण बारावी, काम हातापायांना ईसीजीचे चिमटे लावायचं, म्हणून डॉक्टर तिला ‘चिमटेवाली’ म्हणतात. त्यांच्या भिंतीवर पाच प्रमाणपत्रं आहेत. ईसीजीच्या कागदाकडे मात्र ते लग्नपत्रिकेइतकंच लक्ष देतात.

आज बनुबाईंना आणलं होतं. आठवड्यात दोनदा कांद्याच्या वाफ्यात भोवळ येऊन पडलेल्या. नाडी अडतीस. डॉक्टरांनी कागद पाहिला न पाहिला.

"पाटल्या काढल्या नाहीत ना? त्यानेच रेघा बिघडल्यात. गॅसची गोळी द्या, जाऊ दे घरी."

"पाटल्या न्हाई काढनार," बनुबाई म्हणाल्या. "मालक बाहीर बसल्यात."

"नका काढू, मावशी." मनकर्णाने मनगटाचे चिमटे दंडाला लावले आणि ईसीजीची नवी पट्टी काढली. मग एका चिठ्ठीची कड पट्टीवर धरून छोट्या उंचवट्यांपाशी पेनाने खुणा केल्या, कड पुढे सरकवली. खुणा दरवेळी जुळल्या. मोठी टोकं मात्र त्यांना न जुमानता आपल्याच संथ चालीने येत होती.

"हृदयाचे वरचे कप्पे हुकूम सोडतात, तो खाली पोचतच नाही," ती म्हणाली. "पूर्ण ब्लॉक आहे, सर. घरी पाठवलं तर वाटेतच जातील."

"डॉक्टर कोण आहे इथे?"

"मीही तेच बघतेय, सर."

बाकावरच्या बायका हसल्या. डॉक्टरांचे कान लाल झाले. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाले.

"बरं," म्हणून मनकर्णाने बनुबाईंचे यजमान गोरक्षराव यांच्या हातात दोन्ही पट्ट्या दिल्या. "दादा, गाडी करा, थेट नगर. एक पाऊल चालवू नका त्यांना."

पाच वाजता मनकर्णाला गोरक्षरावांचा फोन आला. "तार घातली काळजात, ठोके द्यायचं मशीन उद्या बसवनार. नाडी सत्तर हाय. च्या मागतीय."

तोवर डॉ. धवल यांनी केसपेपरवर ‘पूर्ण ब्लॉक, तातडीने पुढे पाठवले’ असं लिहून खाली ऐटदार सही ठोकली होती. मनकर्णाला परत बोलावण्याइतकी शाई काही पुरली नाही.

संध्याकाळी ती माझ्याकडे जेवली. पिठलं, चार भाकऱ्या. बाजरीचं पीठ संपलं.