लॉरेटाच्या वाट्याचा फूटपाथ

शेगडीवर ओट्सची लापशी रटरटत होती. रेडिओवर तापमान उणे सत्तावीस सांगून झालं होतं. खिडकीशी उभ्या लॉरेटा कोवाल्चुकला बाहेर फूटपाथवर रात्रीचा बर्फ जसाच्या तसा पडलेला दिसला. आज पहाटे बर्फ उडवणाऱ्या यंत्राची घरघर कशी ऐकू आली नाही? तिनं गॅस बंद केला, नवऱ्याची लोकरी टोपी कानांवर ओढली आणि फावड्याला हात घातला, तोच दार वाजलं.

समोरच्या घरातला डार्सी. भुवया हिमानं पांढऱ्या झालेल्या.

"सॉरी, मिसेस के. सकाळी सकाळी त्रास."

"सॉरी कसलं, मीच दार उघडायला वेळ लावला. ये."

बूट काढून तो पायपुसण्यावरच थांबला. "यंत्राचा पट्टा तुटलाय. दुपारपर्यंत नवा बसवतो. तोवर तुम्ही बाहेर पाऊल टाकू नका हं. घसरलात तर मलाच बोल लागेल."

हेमंतात तो इथं राहायला आला, त्याच्याआधी लॉरेटाचा हिवाळा बरा जायचा. नवरा, मायरन, गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. पण फावडं घेऊन बाहेर पडलं की माणसं भेटायची. कुत्र्याला फिरवणारी फिलिस थांबायची, बर्फावरचं कर्लिंग खेळायला निघालेले म्हातारे थांबायचे. बर्फ उपसणाऱ्या बाईला ओलांडून पुढं जाणं या गावात कुणाला जमत नाही. थंडीला नावं ठेवत, फावड्यावर रेलून, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं इथपर्यंत गप्पा पोचायच्या. दिवसभराचं बोलणं तेवढंच.

डार्सीनं पहिल्या बर्फालाच तिचा फूटपाथ लख्ख केला. ती आभार मानून मोकळी झाली, वर तिनं घरी केलेल्या गोड बटर टार्टचा डबाही दिला. त्यानं दुसऱ्या दिवशी पायऱ्याही साफ केल्या. मग पुन्हा टार्ट. आता स्वच्छ वाटेवरून फिलिस नुसता हात हलवून जायची, आणि लॉरेटा काचेआडून हात हलवायची.

"बायको म्हणते, टार्ट येतात त्यावरून मिसेस के फारच खूश दिसतात. उद्यापासून मागचं अंगणही करतो."

"मागचंही?"

"अहो, मला कसला त्रास?"

आभाराचे शब्द तिच्या ओठांवर आलेच होते. आयुष्यात तिनं कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. चर्चच्या जेवणात तो थरथरता हिरवा जेलीचा पदार्थसुद्धा दोनदा वाढून घ्यायची. तेवढ्यात खिडकीतून फिलिस दिसली. न उपसलेल्या बर्फाशी ती थबकली होती, लॉरेटाच्या दाराकडे बघत होती.

"डार्सी, सॉरी, रागावू नकोस."

"माझं काही चुकलं का?"

"तू चांगलाच आहेस. पण तू आलास तेव्हापासून माझ्याशी कुणी बोललेलं नाही."

तो गोंधळला. "माझ्यामुळं?"

"बर्फ काढताना लोक थांबतात रे. स्वच्छ फूटपाथवर कोण थांबतं? टार्ट मी देत राहीन, ते थांबणार नाहीत." तिनं फावडं छातीशी धरलं. "माझ्या दारासमोरचा बर्फ तेवढा मला काढू दे."