मोटार विहिरीवर, फोन घरात

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये? सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागे फिरलेल्या बाईची मुलगी सोलापुरातल्या शाळेत विज्ञान शिकवते. नववीला चेतासंस्थेचा धडा मीच घेते. म्हणूनच पुढचं सांगताना जरा अवघड वाटतं.

तीन वर्षं माझं सगळं अंग दुखत होतं. मान, खांदे, कंबर, मांड्या, तळवे. सकाळी उठताना जास्त. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, एमआरआय झाला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, फायब्रोमायल्जिया, आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप लागायची. दुखणं जागंच असायचं.

आईला ते नाव म्हणता येत नव्हतं आणि पटतही नव्हतं. तिची सगळी पारख जनावरांवरची.

"मेंढरू दुखत असलं की लंगडतंय, चरायचं सोडतंय. तू लंगडत न्हाईस. जेवतीस बी. मग दुखतंय कुटं?"

"सगळीकडंच."

"सगळीकडं म्हंजे कुटंच न्हाय."

वर "कालेजानं नाजूक केली" हे ठरलेलंच. तिची आणखी एक रीत होती. गावाकडून येताना ज्वारी आणायची, गिरणीतून दळून घ्यायची आणि पिठाचा डबा जिन्याखाली ठेवून मला हाक मारायची. दोन जिने चढून मी डबा वर नेईपर्यंत ती माझ्या पायांकडे बघत राहायची. मला ते कळायचं. मी मुद्दाम सरळ चालायची. लंगडून दाखवणं माझ्या स्वभावात नाही. पण खरं सांगायचं तर इतके रिपोर्ट बघून माझा मलाच संशय यायला लागला होता.

मग डॉक्टरांनी नवीन उपचार सुचवला. डोक्याला बाहेरून चुंबकाचे ठोके द्यायचे. चिरफाड नाही, भूल नाही, सुई नाही. "शॉक ट्रीटमेंट नव्हे," असं त्यांनी दोनदा सांगितलं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही सांगून टाकलं. रविवार सोडून दोन आठवडे रोज यायचं, सोबत कुणीतरी हवं. नवऱ्याची दिवसपाळी होती, म्हणून आई आली.

मशीन चालवणारी मुलगी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. कानातलं, पिना, मंगळसूत्र, धातूचं सगळं काढा म्हणाली. आईनं ते पदराच्या गाठीत बांधलं.

"मंगळसूत्र बी? जावयाला इचारलंय का?"

"मावशी, मशीन चुंबकाचं आहे. ओढून घेतं."

"मग जावई बी वडला जातोय का बघा."

मुलगी हसली. तिनं माझ्या कानात बोळे घातले, उजवा हात मांडीवर सैल सोडायला सांगितला. ठोक्याचा जोर किती ठेवायचा ते आधी ठरवायचं होतं, आणि ते अंगठ्यावरून ठरतं म्हणे. डोक्याच्या डाव्या बाजूला टक् झालं. काही नाही. तिनं मशीनचं टोक बोटभर पुढं सरकवलं. टक्. आणखी थोडं. टक्, आणि माझा उजवा अंगठा उडाला. मी हलवला नव्हता. पुन्हा टक्, पुन्हा अंगठा.

आई खुर्चीतून उठली. माझा हात उलटसुलट करून बघितला, खुर्चीखाली वाकून बघितलं. तार नव्हती.

"तूच हालवतीस."

"नाही गं."

तिनं माझा अंगठा मुठीत घट्ट धरला. "आता मार गं पोरी."

टक्. अंगठा तिच्या मुठीत उडाला. तिनं मूठ सोडली नाही. आणखी दोन ठोके तसेच मुठीत घेतले. मग म्हणाली, "आपल्या मोटारीसारकंच की हे."

आमच्या विहिरीवरची मोटार आता मोबाईलवर चालते. घरातून फोन लावला की तिकडं मोटार सुरू. मागच्या उन्हाळ्यात ती कुणी फोन न लावताच सुरू व्हायला लागली. मोटार दोनदा वर काढून खोलली. मोटार चांगली होती. बिघाड स्टार्टरच्या पेटीत निघाला.

"पाय दुखतोय म्हणून पायाचं फोटू काढत बसला तुमी," आई त्या मुलीला म्हणाली. "पाय चांगलाच हाय. वरच्या पेटीत बिघाड हाय. व्हय का न्हाय?"

"जवळपास तसंच, मावशी."

मेंदूपासून अंगठ्यापर्यंतची रेघ मी फळ्यावर कितीदा काढली असेल. तरी तीन वर्षं मी एक्स-रेत काहीतरी दिसायची वाट बघत होते.

पुढं रोज वीसेक मिनिटं टकटक. पहिले दोन दिवस डोकं दुखलं. आठवडा झाला तरी फरक नव्हता. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी दात घासताना लक्षात आलं, आज पलंगावरून उठताना भिंत धरली नव्हती. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, दुखणं दहापैकी किती? मी आकडा सांगायच्या आत आई म्हणाली, "सा आणे फरक हाय. धा आणे बाकी." ते त्यांनी कसं लिहून घेतलं, मला माहीत नाही. अधूनमधून ठोके घ्यावे लागतील, एवढं म्हणाले.

येताना गिरणीतून पीठ घेतलं. जिन्याखाली मी सवयीनं डबा उचलला. त्या दिवशी तो मला पेलत होता.

"ठेव खाली."

"अगं, आज जमतंय मला."

"ठेव म्हणते न्हवं? बिघाड निघस्तवर मोटारीवर लोड टाकत न्हाईत."

डबा तिनं डोक्यावर घेतला आणि चढायला लागली. मी मागून चढत होते, तिच्या पायांकडे बघत. ती अगदी सरळ चालत होती.