उसन्या बादल्यांची बाग

“जरा तुमची बादली देता का? उद्या आणून देते.”

हे वाक्य कर्जतमधल्या आमच्या भागातल्या प्रत्येक दाराने ऐकलेलं आहे. म्हणणाऱ्या बाई डोक्याला रुमाल बांधून उंबऱ्याबाहेरच उभ्या राहायच्या. हात आधीच पुढे केलेला असायचा, त्यामुळे नाही म्हणायला जागाच नसे. बादली जायची. तो ‘उद्या’ मात्र कुणाकडे कधी उगवला नाही.

आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. त्यांचे यजमान भिवपुरीच्या वीजकेंद्रात होते. उमेदीची सगळी वर्षं तिथल्या क्वार्टर्समध्ये गेली आणि निवृत्तीनंतर दोघं इथे आले. ते वारल्यावर वहिनी आमच्या बागेत यायला लागल्या. ‘आमच्या’ म्हणजे खरं तर माझ्या. हे स्पष्टच सांगून टाकतो.

नगरपरिषदेने कुंपण घालून सोडून दिलेला तो तुकडा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे पहिली बकुळ लावली, नियमांची पाटी रंगवून घेतली, व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला. ‘श्रमदानास सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे’ असा संदेश रोज टाकायचो. खाली जोडलेले हात भरपूर यायचे. माणूस एकही यायचा नाही.

वहिनींनी संदेश कधी टाकला नाही. वैशाखात बागेच्या नळाला करंगळीएवढी धार, आणि भरायला माझी एकच बादली. त्यांनी ते पाहिलं, निघून गेल्या, आणि थोड्या वेळाने चार घरांतलं सामान घेऊन परतल्या. बादल्या, एक कळशी, एक घमेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचा तो आपलं सामान शोधत बागेत हजर!

आता त्यांची पद्धत बघा. आमच्या कोपऱ्यावरचा रिक्षावाला तणतणत आला.

“वहिनी, माझी बादली हाय का हितं? रिक्षा धुवायची राहिलीय माझी.”

“आहे ना रे! भरलेलीच आहे. तेवढी त्या जास्वंदीला ओत आणि घेऊन जा.”

तो ओतून परत फिरला की वहिनी नळाखालची दुसरी भरलेली बादली त्याच्या हातात द्यायच्या आणि त्याची पुन्हा नळाला लावायच्या. “या वहिनी काय बादली सोडत नाय,” असं मला हसत सांगून तो रिकाम्या हातानेच जायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

घमेलं न्यायला आलेल्या गवंड्याने तर जाताजाता कट्टा बांधून दिला. त्या कट्ट्यासाठी मी नगरपरिषदेत हेलपाटे घालून चपला झिजवल्या होत्या. लोक त्याला ‘वहिनींचा कट्टा’ म्हणायला लागले, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

होय, मी जळायचो. फार जळायचो. मला हवं होतं ते एवढंच, की माझ्या बोलावण्यावरून एखादा तरी माणूस बागेत यावा.

त्यात भर म्हणजे, वहिनींनी सगळ्यांकडून काही ना काही नेलं, माझ्याकडे कधीच मागितलं नाही. आमच्या ओट्यावर पितळी झारी असते. मी ती चिंच लावून घासून, येताजाता दिसेल अशी ठेवायला लागलो. वहिनी थांबायच्या, “काय लखलखतेय हो सर!” म्हणायच्या, आणि शेजारचं पातेलं घेऊन जायच्या.

“आता झारीला हळदकुंकू वाहा आणि दारातच बसवा,” बायको म्हणाली.

शेवटी मी एक डाव टाकला. नव्याकोऱ्या बादल्या विकत आणल्या, त्यांच्यावर तैलरंगाने ‘उद्यान’ लिहिलं आणि लोकांचं सामान घरोघर पोचतं केलं. विचार वाईट नव्हता, असं मी आजही म्हणेन. रविवारी बागेत मी होतो, वहिनी होत्या आणि बादल्या होत्या. न्यायला काही उरलंच नव्हतं, मग येणार कोण? आम्ही दोघांनीच पाणी घातलं आणि दोघांच्याही कमरेने दगा दिला. वहिनी रागावल्या नाहीत. निघताना फक्त म्हणाल्या, “बादल्या फार छान आहेत हो सर. पण मी जरा चार दारं फिरून येऊ का?”

दुसऱ्या सकाळी रिक्षावाला फाटकात उभा. “वहिनी, माझी बादली?” तो आला म्हणून मला हायसं वाटलं, आणि त्यांच्यासाठी आला म्हणून डोकंही फिरलं.

मग वहिनींचे गुडघे बोलायला लागले आणि लेक त्यांना नाशिकला न्यायला आली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या. मी झारी आणून त्यांच्यासमोर ठेवली.

“ही एकदा तरी न्यायची होती,” मी म्हणालो. आवाज नको तेवढा चढला.

वहिनी हसल्या. “अहो सर, तुमच्याकडून आणखी काय मागू? अख्खी बागच उसनी नेली होती की. उद्या उद्या करत राहिले. आता घ्या परत.”

मी झारी उचलून परत ओट्यावर ठेवली. आणि असं वाक्य आपल्याला या जन्मात सुचणार नाही, या विचाराने मी रात्रभर जळत राहिलो.

त्या गेल्या आणि माणसं हळूहळू गळाली. रिक्षावाला आपली बादली खरोखरच घेऊन गेला. पुढच्या वैशाखात बकुळीची पानं करपायला लागली, तेव्हा मी डोक्याला रुमाल बांधला आणि समोरच्या इमारतीत गेलो. दार उघडणारी मुलगी बाळंतपण उरकून कालच माहेरहून परतली होती.

“जरा तुमची बादली देता का? उद्या आणून देतो.”

“वहिनींनी पाठवलंय का?”

“हो,” मी म्हणालो.

तिने मोठी निळी बादली आणून दिली.

सकाळी ती बाळाला कडेवर घेऊन बादली न्यायला आली. आल्याआल्या इकडेतिकडे पाहत म्हणाली, “वहिनी कुठायत?”

“येतील,” मी म्हणालो आणि बाळाला घ्यायला हात पुढे केला. “तोवर तेवढं त्या बकुळीला ओता.”