गोळी विरघळेपर्यंत

शेजारच्या ओटीसमोर आपल्या स्वयंपाकघराची खिडकी असली, की किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. भाजी चिरता चिरता ताटात येऊन पडतात! माझ्याकडचे निम्मे शेजारच्या शालनच्या मुलाचे, सुहासचे.

सुहास मुंबईला गोदीत होता. पाठ धरली, म्हणून दुखण्याच्या गोळ्या, मग ब्राऊन शुगर. शालनने त्याला घरी आणला. आता सरकारी दवाखान्यातली नशा सोडवायची गोळी रोज सकाळी जिभेखाली ठेवतो. ती विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही.

हे तेव्हा मला कुठे माहीत!

*

मी कुंपणाच्या गडग्यावरून विचारलं, "रे सुहास, बरो मा?" उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, नुसतं गालाकडे बोट. मला वाटलं, दाढ दुखतेय. मूठभर लवंगा घेऊन गेले.

थोड्या वेळाने तो हसला. "काकी, दाढ नाय. नशेचा औषध आसा." सगळं त्यानेच सांगितलं, मान खाली न घालता. वर म्हणतो, "वाडीत सांगूचा तर सांग. चोरून काय्येक करूचा नाय आता."

परवानगी मिळाली आणि मजाच गेली. कोणालाच सांगितलं नाही!

*

तरी वाडीला कळलंच. देवळात गाऱ्हाणं घालणारे म्हातारे तात्या पारावर त्याला म्हणाले, "एक नशा सोडलंस नि दुसरी धरलंस. दम असात तर गोळी पण सोड!"

सुहासने सोडली. थोड्याच दिवसांत नाक गळायला लागलं, अंगावर काटा, पायांत गोळे, झोप नाही. एका सकाळी बॅग उचलून तळेऱ्याच्या एसटीत बसला. पुढे मुंबई, आणि मुंबई म्हणजे पुन्हा तेच. शालन आणि मी रिक्षाने मागोमाग गेलो, त्याला तिथल्या स्टँडवर गाठला आणि तसाच दवाखान्यात नेला.

डॉक्टरीणबाईंनी गोळी पुन्हा सुरू केली. म्हणाल्या, "ते तात्या बीपीची गोळी घेत असतील ना? ती सोडली का त्यांनी?"

हे वाक्य मी पदराला बांधून आणलं आणि मासळीबाजारात तात्यांच्या कानाशी सोडलं. तात्या लाल! "माझो बीपी तुका कोणी सांगल्यान?"

*

सुहास आता बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. एका गिऱ्हाइकाला भारी काळजी. "किती वर्षां खातलंस रे ती गोळी?"

सुहासने पाना खालीसुद्धा ठेवला नाही. "डॉक्टर सांगतीत तितकी. तुमच्या इंजिनाक ऑईल किती वर्षां घालूया?"

*

सुहासला घरी आणल्यापासून शालनच्या कमरेला पैशांच्या कपाटाची किल्ली कायम. आंघोळीलाही सोबत! परवा ती वैभववाडीला बहिणीकडे निघाली. मी आपलं विचारलं, "किल्ली माझ्याकडे ठेवतंस?"

"सुहासाकडे आसा."

"अगो, पण..."

"तुका कित्याक? तू उघडून बघतलंस!"

इतका आनंदाचा अपमान माझा कधी झाला नव्हता.

*

पावसाळा सरून बोटी पाण्यात घालायचा दिवस. गाऱ्हाणं घातल्याशिवाय बोट हलत नाही. एकाने देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. यंदा तात्यांचा घसा बसलेला. नारळ हातात घेऊन त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली.

"सुहास, तू घाल."

शालनने माझा हात असा धरला की बांगडी रुतली. सुहास पुढे आला आणि नुसताच उभा. पहाटेपासून हात इंजिनात, त्यामुळे गोळी आत्ताच ठेवलेली. त्याने गालाकडे बोट केलं.

"भरती उतरतली! तात्या, दुसऱ्याक सांगा!" मागून कोणीतरी ओरडलं.

तात्या बोटीला टेकून खाली बसले. नारळ मांडीवर. "गप रवा सगळे," त्यांनी दरडावलं. "गोळी इरघळांदे."

सगळा किनारा गप्प. मीसुद्धा!

गोळी विरघळल्यावर सुहासने तात्यांच्या मांडीवरचा नारळ उचलला, समुद्राकडे तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या आधी, फाटक्या आवाजात, तात्या.